कोरियन मुलांची चित्रपुस्तके आणि प्रगतीचा हिशेब

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)

राजकीय कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात लहान मुलांच्या चित्रपुस्तकांचा विषय निघाला, की काहींच्या चेहऱ्यावर स्मित उमटते. बेकारी, महागाई, शेतमालाचे भाव हे विषय सोडून मुलांच्या चित्रांकडे वळण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविकच आहे. प्रयोजन आहे. देशाची आर्थिक प्रगती मोजायला राष्ट्रीय उत्पन्नाचे आकडे असतात. त्या प्रगतीची किंमत कोणी चुकती केली हे मात्र त्या आकड्यांत दिसत नाही. दक्षिण कोरियाच्या प्रगतीचे गोडवे जगभर गायिले जातात. त्या प्रगतीच्या किमतीचा मोठा भाग मुलांनी भरला आणि त्याची नोंद अर्थशास्त्राच्या ग्रंथांपेक्षा तेथील तीस-चाळीस पानी चित्रपुस्तकांत अधिक प्रामाणिकपणे झालेली आहे.

या कथेचा आरंभ बऱ्याच मागे करावा लागतो. १९१० साली जपानने कोरिया गिळंकृत केला. १९१९ च्या मार्च महिन्यातील स्वातंत्र्य आंदोलन चिरडले गेल्यानंतर काही तरुण मुलांच्या प्रश्नाकडे वळले. त्यांत बांग जोंग-ह्वान हे नाव अग्रभागी आहे. लहान मुलांना तोवर हुडूत करूनच हाक मारली जाई. बांग यांनी त्यांच्यासाठी 'ओरिनी' हा शब्द रूढ केला. त्यात लहानपणाचा अर्थ आहे, तसाच आदरही आहे. मार्च १९२३ मध्ये त्यांनी 'ओरिनी' याच नावाचे मासिक काढले आणि १ मे १९२३ रोजी, म्हणजे कामगार दिनीच, बालदिन साजरा करून मुलांच्या हक्कांचा एक जाहीरनामा वाटण्यात आला. त्यात एक मागणी अशी होती, की चौदा वर्षांखालील मुलांना पूर्वापार आर्थिक जाचातून मुक्त करावे. त्यांच्याकडून पगारी वा बिनपगारी कोणतेही श्रम करून घेऊ नयेत. राष्ट्रसंघाने जिनीव्हा येथे बालकांच्या हक्कांची घोषणा स्वीकारली ती १९२४ मध्ये. म्हणजे एका गुलाम देशातील मूठभर तरुणांनी बालमजुरीविरुद्ध मागणी केली ती त्याच्या आधी. बांग अवघ्या एकतीस वर्षांचे असताना १९३१ मध्ये वारले. कोरियन बालसाहित्याची मुळे या चळवळीत आहेत, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढील पुस्तकांचा सूर समजणे सोपे जाते. मुलांचे मन रिझवणे एवढाच त्या साहित्याचा हेतू कधी नव्हता.

आईची वाट पाहणारे मूल

ली थे-जुन या कथाकाराने १९३०च्या दशकात मुलांसाठी एक लहानशी गोष्ट लिहिली. थंडीच्या दिवसांत एक चिमुरडे मूल ट्रामच्या थांब्यावर येऊन उभे राहते. ट्राम आली, की ते कंडक्टरला विचारते, "माझी आई येत नाहीये का?" पहिला कंडक्टर झिडकारतो, दुसराही तसाच निघून जातो. तिसरा मात्र खाली उतरतो आणि आई येईपर्यंत जागचे हलू नको, असे बजावतो. मूल तेथेच उभे राहते. वारा सुटतो, ट्राम येतात नि जातात. नाक लाल झाले तरी ते हलत नाही. गोष्ट इथेच संपते. आई कोठे गेली आहे, परत येते की नाही, लेखक सांगत नाही. परंतु शहरात दिवसभर राबणाऱ्या बाईचे मूल संध्याकाळी थांब्यावर उभे आहे, एवढ्यावरून जाणत्या वाचकाला सर्व समजते.

या गोष्टीचे पुढे जे झाले तेही बोलके आहे. ली थे-जुन १९४६ मध्ये उत्तर कोरियात गेले. तेथे काही वर्षांत त्यांच्यावर सत्ताधाऱ्यांची खप्पामर्जी झाली. दक्षिणेत त्यांच्या लेखनावर बंदी आली. उत्तरेला तो लेखक संशयित वाटला आणि दक्षिणेला शत्रू. ट्रामच्या थांब्यावरचे मूल दोन्हीकडून बेवारस झाले. दक्षिणेतील बंदी उठली ती १९८८ मध्ये. २००४ साली किम दोंग-सोंग या चित्रकाराने या गोष्टीचे चित्रपुस्तक केले. मूळ मजकुराला त्याने हात लावला नाही. परंतु मजकूर संपल्यानंतरच्या पानांवर त्याने बर्फ पडताना दाखवला आणि त्या बर्फाने भरलेल्या गल्लीतून आईचा हात धरून चाललेली एक इवलीशी आकृती काढली. ती चटकन नजरेस पडत नाही, शोधावी लागते. लेखकाने जे लिहिले नाही ते चित्रकाराने पुरवले. पण मुलाच्या वाट पाहण्यातली वेदना पुसून मात्र टाकली नाही.

१९८८ हे साल येथे महत्त्वाचे आहे. जून १९८७ मध्ये लक्षावधी नागरिक रस्त्यावर आले आणि लष्करी राजवटीला अध्यक्षपदाच्या थेट निवडणुकीची मागणी मान्य करावी लागली. त्यामागोमाग जुलै-ऑगस्टमध्ये कारखान्या-कारखान्यांतून संपांची लाट उसळली. त्या चळवळीत चित्रकारांचा एक गट होता. भित्तिचित्रे, लाकडी ठशांची चित्रे, मोर्च्यातील फलक हे त्यांचे काम. जनतेची कला असे ते आपल्या कलेला म्हणत. चळवळीचा पहिला बहर ओसरल्यावर त्यांतील अनेकांनी मुलांच्या चित्रपुस्तकांकडे मोर्चा वळवला. ली ऑक-बे, जोंग सुंग-गाक, क्वॉन युन-दोक ही नावे त्यांतलीच. चळवळ ओसरली म्हणून कार्यकर्ता घरी बसला नाही. ज्या जनतेसाठी फलक रंगवले तिच्या मुलांसाठी त्याने पुस्तके रंगवली.

ली ऑक-बे यांचे १९९५ मधील पुस्तक सोली नावाच्या मुलीचे आहे. शरदातील सणाला शहरातले कुटुंब गावी निघते. बसच्या थांब्यावर रांगाच रांगा, महामार्गावर मैलोगणती खोळंबलेल्या गाड्या. वरवर पाहता ही सणाची गोष्ट आहे. पण सगळे शहर एकाच दिवशी गावाकडे का निघते? कारण एका पिढीच्या अवधीत सगळे गाव शहरात मजुरीला आलेले असते. औद्योगिकीकरणाने केलेले स्थलांतर त्या रांगेत उभे आहे.

घंटा वाजवणारा लेखक

या सर्वांत क्वॉन जोंग-सेंग यांचे स्थान निराळे आहे. १९३७ साली टोकियोत मजुरी करणाऱ्या एका कोरियन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९४६ मध्ये कुटुंब मायदेशी परतले ते दारिद्र्यातच. पोरवयातच पोटासाठी कष्ट उपसावे लागले आणि ऐन तारुण्यात क्षय जडला. पुढे आंदोंग भागातील एका खेड्यात ते चर्चची घंटा वाजवण्याचे काम करीत आणि त्या आवारातील लहानशा खोलीत राहत. तेथे लिहिलेल्या एका गोष्टीला १९६९ मध्ये पारितोषिक मिळाले. त्या गोष्टीची नायिका म्हणजे कुत्र्याच्या पिलाची विष्ठा!

भिंतीच्या कडेला पडलेल्या त्या विष्ठेला चिमणी टोचून पाहते नि 'घाण' म्हणून उडून जाते. शेजारचे मातीचे ढेकूळही तिला हिणवते. परंतु दुष्काळात आपल्या अंगावरचे मिरचीचे रोप आपण जगवू शकलो नाही, हे दुःख ते शेवटी बोलून दाखवते. वसंतात एक पिवळ्या फुलाचे रानरोप उगवते आणि म्हणते, 'तू माझ्यात विरघळलीस तरच मला फूल येईल.' पाऊस पडतो, विष्ठा मुळांशी विरघळते आणि फूल उमलते. १९९६ मध्ये जोंग सुंग-गाक यांच्या चित्रांसह हे पुस्तक निघाले आणि कोरियातील घरोघरी पोहोचले. ज्याला समाज घाण म्हणून बाजूला सारतो त्याच्यावाचून फूल उमलत नाही, ही गोष्ट शेतकऱ्याला सांगावी लागत नाही. शहरातल्या मुलाला मात्र ती सांगावीच लागते.

क्वॉन यांच्या पुस्तकांच्या लक्षावधी प्रती खपल्या, पण ते राहिले खेड्यातल्या त्याच चिमुकल्या घरात. २००७ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांचे मृत्युपत्र समोर आले. मुलांनी पुस्तके वाचली म्हणून हे पैसे मिळाले, तेव्हा ते मुलांनाच परत गेले पाहिजेत, असे त्यांनी लिहून ठेवले होते. त्यात उत्तर कोरियातील उपाशी मुलांचाही समावेश होता. ज्या युद्धाने देश दुभंगला ते युद्ध या माणसाने आपल्यापुरते असे संपवले.

विसरायला लावलेले प्रसंग

युद्ध थांबले २७ जुलै १९५३ रोजी; संपले मात्र नाही. आजही सुमारे २४८ किलोमीटर लांब आणि ४ किलोमीटर रुंद असा निर्लष्करी पट्टा देशाच्या मधोमध आहे. मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या युद्धकैद्यांचा ताबा त्या वेळी याच पट्ट्यात भारतीय दलाकडे देण्यात आला होता आणि त्या दलाचे नेतृत्व मेजर जनरल एस. पी. पी. थोरात या मराठी सेनाधिकाऱ्याकडे होते, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. ली ऑक-बे यांच्या २०१० मधील पुस्तकात एक आजोबा प्रत्येक ऋतूत सीमेवरील मनोऱ्यावर चढून दुर्बिणीतून उत्तरेकडचे आपले गाव पाहतात. पट्ट्यात पाणमांजरे आहेत, करकोचे येतात नि जातात; माणसाला तेवढी बंदी. शेवटच्या पानावर तारांचे फाटक उघडते. तेवढाच भाग अद्याप कल्पनेतला आहे.

हे पुस्तक कोरिया, जपान व चीन या तीन देशांतील चित्रकारांनी मिळून योजलेल्या शांतता मालिकेतील आहे. पुढाकार जपानी चित्रकारांचा होता, ही गोष्ट त्यांच्या मोठेपणाची. त्याच मालिकेत क्वॉन युन-दोक यांनी शिम दाल-योन या वृद्धेची जीवनकथा चित्रित केली. रानात भाजी खुडायला गेलेल्या कोवळ्या मुलीला जपानी सैन्याने उचलून नेले आणि सैनिकांच्या उपभोगासाठी कोंडून ठेवले. अशा स्त्रियांपैकी किम हाक-सुन यांनी ऑगस्ट १९९१ मध्ये जाहीरपणे तोंड उघडेपर्यंत जवळजवळ अर्धे शतक हा विषय समाजाने दाबून ठेवला होता. हे लहान मुलांना चित्रांतून कसे सांगावे? चित्रकर्त्रीने भडकपणा टाळला, फुलांचा आधार घेतला. पण घडलेले लपवले नाही. कोरियात पुस्तक २०१० मध्ये आले. जपानमध्ये ठरलेल्या प्रकाशकाने तपशिलांविषयी आक्षेप काढून ते लांबणीवर टाकले. अखेर २०१८ मध्ये दुसऱ्याच एका लहान प्रकाशनसंस्थेने ते काढले. तीन देशांच्या मैत्रीसाठी आखलेल्या मालिकेतही सत्याला आठ वर्षे दारात उभे राहावे लागले.

परंतु क्वॉन युन-दोक यांचे खरे धैर्य याच्या पुढचे आहे. परक्याच्या अपराधावर बोट ठेवणे तुलनेने सोपे असते. त्यांनी २०१६ मध्ये जेजू बेटावरील हत्याकांडावर पुस्तक केले. ३ एप्रिल १९४८ च्या उठावानंतर १९५४ पर्यंत त्या बेटावर २५ ते ३० हजार माणसे मेली असावीत, असा अंदाज आहे. त्यांतील बहुसंख्य स्वकीय शासनाच्या पोलीस व लष्कराच्या हातून. या विषयावर बोलणे दीर्घकाळ गुन्हा होता. राष्ट्राध्यक्षांनी जाहीर माफी मागितली ती २००३ मध्ये. पुस्तकातील मुलीला कळते, की लहानपणी आपण एका गुहेतील कत्तलीतून वाचलो आणि वाचलो तेव्हा आपल्या मुठीत एक लाकडी शिक्का होता. पुढे २०२१ मध्ये त्यांनी व्हिएतनाम युद्धात लढलेल्या कोरियन सैनिकावर पुस्तक केले. आपल्यावर झालेला अत्याचार सांगणारी लेखणी आपण केलेला अत्याचारही सांगू लागते, तेव्हाच तिच्या पहिल्या साक्षीला वजन येते.

नावाचा प्रश्न

लाकडी शिक्क्याची ही खूण आणखी एका पुस्तकात भेटते. कोरियात स्वाक्षरीऐवजी नावाचा शिक्का वापरण्याची रीत आहे. यांगसूक चोई यांच्या २००१ मधील इंग्रजी पुस्तकात युन-हे ही कोरियन मुलगी अमेरिकेतील शाळेत जाते. पहिल्याच दिवशी बसमध्ये मुले तिच्या नावाची थट्टा करतात. ती वर्गात सांगते, की मी अजून नाव निवडलेले नाही. मग वर्गातील मुले चिठ्ठ्यांवर अमेरिकी नावे लिहून एका बरणीत टाकू लागतात. आजीने निरोपाच्या वेळी दिलेला नावाचा शिक्का मात्र तिच्याजवळ असतो. शेवटी ती आपलेच नाव ठेवते.

ही निव्वळ शाळकरी गोष्ट वाटेल. पण १९४० मध्ये जपानी सत्तेने कोरियन लोकांना जपानी धर्तीची नावे घ्यायला लावली होती, हे ज्याला ठाऊक आहे त्याला त्या बरणीत इतिहास दिसतो. तेव्हा सक्ती होती. आता बरणी प्रेमाने पुढे केली जाते, एवढाच फरक. आणि ज्यांच्या हाती शिक्काही राहिला नाही अशी मुले आहेतच. युद्धानंतरच्या दशकांत सुमारे दोन लाख कोरियन मुले परदेशी दत्तक पाठवली गेली. अविवाहित मातांची, गरिबांची मुले. शासनाचा कल्याणखर्च वाचला आणि दत्तक देणाऱ्या संस्थांना शुल्क मिळाले. घरदार असलेल्या मुलांना कागदोपत्री अनाथ ठरवले गेले, हे कोरियाच्याच सत्यशोधन आयोगाने मार्च २०२५ मध्ये मान्य केले. देश निर्यातीवर वर आला, असे म्हणतात. त्या निर्यातीत काय काय होते, याची ही यादी आहे.

समृद्धीतला एकटेपणा

आता आजच्या मुलाकडे वळू. बेक ही-ना यांच्या २०१७ मधील पुस्तकातील दोंग-दोंग हा मुलगा एकटाच गोट्या खेळतो. गोट्या समजून त्याने आणलेल्या गोळ्या चघळल्या, की त्याला न बोलणाऱ्यांचे आवाज ऐकू येतात: घरातल्या जुन्या कोचाचा, म्हाताऱ्या कुत्र्याचा. वडील कामावरून येतात ते सूचनांचा भडिमार करीतच. एक पान त्या सूचनांनीच भरले आहे. मात्र गोळी चघळल्यावर भांडी घासणाऱ्या वडिलांच्या पाठीतून माया ऐकू येते. शेवटची गोळी पारदर्शक असते; तिच्यातून काहीच ऐकू येत नाही. तेव्हा मुलगा स्वतःच पुढे होऊन दुसऱ्या मुलाला विचारतो, "माझ्याशी खेळशील?"

ट्रामच्या थांब्यावरचे मूल उपाशी असेल, थंडीत कुडकुडत असेल. दोंग-दोंगला उबदार घर आहे. पण दोघांच्याही आईबापांचा दिवस दुसऱ्याच्या मालकीचा आहे. कोरियन कुटुंबांनी २०२४ मध्ये शालेय मुलांच्या खासगी शिकवण्यांवर २९.२ लाख कोटी वॉन खर्च केले. २०२३ मध्ये तेथील जननदर दर स्त्रीमागे ०.७२ इतका खाली आला. लोकसंख्या स्थिर राहायला तो २.१ लागतो. राबणाऱ्या माणसाला मूल वाढवायला ना वेळ उरतो ना धीर, तेव्हा तो मूल न होऊ देण्याचा निर्णय घेतो. अर्थव्यवस्थेविरुद्धचा हा मूक संपच होय.

ढगाच्या पावाची किंमत

आणि अखेर, ही पुस्तके निर्माण करणाऱ्या श्रमाविषयी. बेक ही-ना यांचे पहिले गाजलेले पुस्तक २००४ मधले. दोन भावंडे पावसाळी सकाळी झाडाला अडकलेला ढगाचा तुकडा आणतात, आई त्याचे पाव भाजते, ते खाल्ले की माणूस तरंगू लागतो. न्याहारी न करताच कामावर धावलेल्या आणि बसमध्ये अडकलेल्या वडिलांना मुले उडत जाऊन पाव नेऊन देतात. या पुस्तकाच्या चार लाखांहून अधिक प्रती खपल्या. त्यावर दूरचित्रवाणी मालिका झाली, संगीतिका झाली, खेळणी निघाली.

लेखिकेने मात्र नवखेपणी एकरकमी करार केला होता. ८५ लाख वॉन घेऊन सर्व हक्क प्रकाशकाला. पुढे मिळालेली भर धरून तिच्या हाती एकूण १ कोटी ८५ लाख वॉन आले. भागाकार सोपा आहे: प्रतीमागे फार तर ४६ वॉन. सेऊलमध्ये एवढ्यात बसचे तिकीटही येत नाही. २०१४ मध्ये तेथील व्यापार आयोगाने वीस प्रकाशकांना अशी अन्याय्य कलमे दुरुस्त करायला लावली, पण झालेल्या कराराला त्याचा उपयोग नव्हता. लेखिका न्यायालयात गेली, हरली. जून २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयातही हरली. त्याच वर्षी मार्चमध्ये तिला ॲस्ट्रिड लिंडग्रेन स्मृती पुरस्कार मिळाला होता. त्याची रक्कम ५० लाख स्वीडिश क्रोनर. जगाने जिचा सन्मान केला तिला आपल्या निर्मितीवर हक्क सांगता आला नाही. न्यायालयाने तो करार वैध मानला. एका बाजूला भांडवल आणि दुसऱ्या बाजूला गरज असताना झालेली सही स्वेच्छेची असते का, हा प्रश्न कामगार चळवळीने दीडशे वर्षांपूर्वीच विचारला आहे. चित्रकाराची कुंचली हातात आली म्हणून तो बदलत नाही.

मित्रहो, येथे दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात. क्वॉन जोंग-सेंग यांना हक्क मिळाला, म्हणूनच ते तो मुलांना देऊ शकले. बेक ही-ना यांच्याजवळ त्या पुस्तकापुरते देण्यासारखे काही उरलेच नाही. दातृत्वाची थोरवी गाताना आधी श्रमिकाच्या हाती त्याचे फळ पडावे लागते, हे विसरून चालत नाही.

१९२३ च्या त्या जाहीरनाम्याने मुलांसाठी श्रमापासून मुक्तता मागितली होती. शंभर वर्षांनंतर कोरियन मूल कारखान्यात जात नाही. हे त्या चळवळीचे यश आहे आणि ते लहान नव्हे. पण त्याच्या आईबापांना संध्याकाळ मिळालेली नाही आणि त्याची गोष्ट चितारणाऱ्या हाताला न्याय मिळालेला नाही. ट्रामच्या थांब्यावरचे ते मूल 'आई येत नाहीये का?' असे विचारत अजून उभे आहे. दोन कंडक्टर त्याला झिडकारून पुढे गेले. तिसरा खाली उतरला, तेव्हा त्याची ट्राम काही क्षण थांबली असेल. कार्यकर्त्याने कोणता कंडक्टर व्हायचे, ते त्यानेच ठरवायचे आहे.